तुसातलं इंजिन

मला किळस फार येते आणि ती लपवता येत नाही. ताटात केस दिसला की माझं जेवण तिथेच संपतं. शेजारचा माणूस भुरके मारून आमटी प्यायला लागला की मी पाण्याचं निमित्त करून उठतो. आई म्हणायची, या पोराचं नाक देवाने दोनदा घडवलंय, पहिल्या खेपेला चुकलं म्हणून. पुढे याच नाकाने माझं पोट भरलं. मुंबईच्या बंदरात लाँच दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात मी सहा वर्षं काढली, आणि धुराचा वास घेऊन इंजिनाचं दुखणं सांगण्यात तिथे माझा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक त्याला हुशारी म्हणत. खरं तर वाईट वास मला चांगल्या वासाच्या आधी कळतो, एवढंच.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून अवकाश होता. कारखान्यात काम मंदावलं आणि आम्हा चार-पाच जणांना काही महिने घरी बसायला सांगितलं. दादाची पत्रं तर तीन वर्षं येतच होती. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ: लाँचचं इंजिन घेऊन ठेवलं आहे, येऊन चालू करून दे. मी दर वेळी ‘या उन्हाळ्यात येतो’ म्हणून कळवायचो आणि उन्हाळा मुंबईतच काढायचो. आता बहाणा उरला नव्हता. आटगावला गाडीतून उतरलो, नदी ओलांडली आणि शेणव्याच्या अलीकडे आमचं गाव आहे तिथे दिवस मावळायच्या आत पोचलो. भात कापून झालं होतं आणि खळ्यावर मळणी चालली होती.

इंजिनाची हकीकत अशी. भिवंडीच्या खाडीत उतारू नेणारी एक लाँच होती. तिचा तळ कुजला, मालकाने लाकूड जळणाला विकलं आणि इंजिन दादाने उचललं. बैलगाडीत घालून ते दोन दिवसांनी गावी आलं. दादाला भाताची गिरणी काढायची होती. आमच्या बाजूच्या गावांत तेव्हा गिरणी नव्हती. भात उखळात घालून मुसळाने सडायचं आणि ते काम बायांचं. भात भरडायचं यंत्रही दादाने कल्याणहून आणलं होतं, त्याला सगळे हलर म्हणत. ते पडवीत गोणपाटात गुंडाळलेलं होतं आणि कोरडं ठणठणीत होतं. इंजिनावर मात्र दादाचा जास्त जीव, म्हणून त्याची व्यवस्थाही त्याने जास्त केली होती. तिथेच सगळा घात झाला.

मी पाय धुतले न धुतले तोच दादा मला गोठ्यात घेऊन गेला. कोपऱ्यात कारवीचा कूड उभा करून छातीएवढ्या उंचीची एक कोठी केलेली होती आणि ती भाताच्या तुसाने काठोकाठ भरलेली होती. इंजिन कुठे आहे, असं मी विचारलं. दादाने तुसावर लाडाने हात थोपटला. म्हणाला, "बरफ टिकतोय तुसात, मग लोखंड का नाय टिकनार रे?"

त्याच्या हिशेबाने यात चुकीचं काही नव्हतं. आमच्याकडे अंडी तुसात ठेवतात, काचेच्या बांगड्या तुसात ठेवतात, एखाद्या बड्या लग्नाला कल्याणहून बर्फाची लादी येते तीही तुसात नाहीतर भुशात पुरलेली असते. जे जपायचं ते तुसात, हे दादाने लहानपणापासून पाहिलेलं. पण तूस ओल धरून ठेवतं आणि अंड्याला गंज चढत नाही, हा विचार त्याला शिवला नव्हता. शिवाय दर दसऱ्याला तो इंजिनाची पूजा करायचा. तुसातून त्याचं डोकं तेवढं मोकळं करायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि जिथून कुणीतरी प्लग काढून नेला होता त्या भोकातून तांब्याभर करंजाचं तेल आत ओतायचं. दिव्याला चालतं ते तेल इंजिनाला चालत नाही, आत साचून ते डिंकासारखं घट्ट होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकला असता असा एकच माणूस होता आणि तो दर उन्हाळ्याला येतो येतो म्हणत मुंबईत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठी उपसायला घेतली. वरचं हातभर तूस कोरडं होतं. त्याखालचं ओलं, त्याखालचं काळं आणि अगदी तळाचं गरम. त्यातून वाफ निघत होती. गोठ्याच्या त्या कोपऱ्याला उतार असल्यामुळे तीन पावसाळे गुरांचं मूत तिकडेच झिरपलं होतं. कुजकं तूस, मूत, खवट तेल आणि या सगळ्यांच्या मागे काहीतरी मेल्याचा वास, असा तो दरवळ अंगावर आला. फावडं खुपसलं तर उंदराचं अख्खं घरटं वर आलं, त्यात अंगावर केस नसलेली गुलाबी पिल्लं वळवळत होती. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या त्या जड चाकाला, एक मोठा उंदीर तेलात चिकटून वाळलेला होता. तो सोलून काढावा लागला. मी परसात जाऊन सगळं सकाळचं ओकलो. आमचे दोन गडी तोंड फिरवून हसत होते. दादा मात्र हसला नाही. मुंबईच्या पाण्याने माझं पोट हलकं झालंय, अशी त्याने त्यांची समजूत घातली.

मी तोंड धुऊन परत आलो तेव्हा वहिनी कोठीत उतरली होती. पदर कमरेला खोचून ती दोन्ही हातांनी तो काळा चिखल टोपलीत भरत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी मुंबईला निघून गेलो होतो, त्यामुळे आमची ओळख जेमतेम. अंगाने काटकी, बोलायला कमी, आणि हाताच्या तळव्यांना मुसळाचे असे घट्टे की ती चुलीतला निखारा बोटांनी उचलून बाजूला करायची. घरात आम्ही तिघं, दोन गडी आणि मळणीची माणसं, एवढ्या तोंडांना लागणारा तांदूळ ती एकटी सडत असे. पहाटे तीन वाजता मुसळ सुरू व्हायचं. मुंबईत मला ट्रामच्या आवाजाने जाग यायची, इथे मुसळाने यायची.

त्या दिवशी दुपारी तिने मला विचारलं, "भाऊजी, किती दिस लागतील?" मी म्हणालो, महिना तरी. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि आत गेली. दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी मी चिडलो आणि मी काय देव आहे का, असं काहीतरी तोडून बोललो. मला वाटलं, दादाची गिरणी, दादाचं कौतुक, हिला कसली घाई?

घाई कसली ते गावच्या सुईणीने सांगितलं. म्हातारी ताक न्यायला आली होती. मी अंगणात प्लगच्या भोकातून आत रॉकेल सोडत बसलो होतो. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "दोन गेलीत हिची. दोनी सहाव्या महिन्यात, दोनी खेपेला हातात मुसळ. आता तिसरा महिना हाय. पाचवा लागायच्या आत तुजं यंत्र चालू कर, पोरा. मंग तिनं मुसळ धरलं तं मी येनार नाय." एवढं बोलून ती ताकाचं मडकं घेऊन गेली. पाचवा लागणार होता माघात.

दिराने वहिनीशी असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. दादाशी मात्र मी बोललो. तोवर सडायला एखादी बाई ठेव म्हणालो. दादाला सगळं ठाऊक होतं, आणि त्याला मूल हवंही होतं. त्यासाठी तो नवस बोलून बसला होता. पण तो म्हणाला, गिरणी चालू होतेच आहे, आता महिनाभरासाठी बाई कशाला? त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तेव्हापासून त्या लोखंडाकडे बघायचा माझा डोळा बदलला. आधी ती मला नुसती घाण वाटत होती, आता ती घाण माघाच्या आत निस्तरायची होती.

मी ते इंजिन अंगणात काढलं आणि खोललं. आत जे होतं त्याचं वर्णन जेवणाआधी वाचू नये. तीन तांबे तेल, त्यात पडलेलं तूस आणि झेंडूच्या पाकळ्या, या सगळ्यांची मिळून घाण्याच्या पेंडीसारखी एक चिवट वडी झाली होती. तिने पिस्टन सिलिंडरमध्ये असा धरला होता की फ्लायव्हीलला दोन गडी लोंबकळले तरी तो केसभर हलेना. रॉकेल ओतलं, दोन दिवस मुरवलं, काळा चीक पुसून काढला, पुन्हा ओतलं. नखांत तो वास बसला. हात राखेने धुतले, मातीने धुतले, चिंचेने धुतले, तरी भाकरीचा घास तोंडाजवळ आणला की तोच वास आधी यायचा. मी आठ-दहा दिवस चमच्याने जेवलो आणि त्यावरूनही गावभर चेष्टा झाली.

पिस्टनला वरून लाकडाने ठोकल्याशिवाय तो सुटणार नव्हता. हातोडा मारला तर फुटला असता. लाकूड असं हवं की सिलिंडरमध्ये सरळ उतरेल आणि ठोके खाऊन चिरणार नाही. मी लाकडाच्या शोधात घरभर फिरत होतो तेव्हा वहिनीने मुसळ आणून माझ्यापुढे उभं केलं. लोखंडी कडं नसलेलं टोक बरोबर आत बसत होतं. मोडलं तर, असं मी म्हणालो. "मोडू दे की," ती म्हणाली, आणि मी त्या घरात तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मुसळ मोडलं नाही. सहाव्या दिवशी पिस्टन बोटभर खाली सरकला, आणि त्या फटीतून असा काही वास सुटला की अंगणातलं कुत्रंसुद्धा उठून गेलं.

मग बाकीचे भोग. लाँचचं इंजिन समुद्राचं पाणी पिऊन थंड राहतं. त्याच्या अंगाभोवती पाण्यासाठी पोकळ कप्पा असतो. त्या कप्प्यात खाऱ्या पाण्याचा दगड झाला होता आणि त्यात बारीक शिंपल्या रुतलेल्या होत्या. टोच्याने खरवडायला लागलो तसा ओहोटीच्या चिखलाचा तो सडका वास आमच्या अंगणात पसरला. समुद्र कधी न पाहिलेल्या बाया नाकाला पदर लावून हे काय म्हणून विचारून गेल्या. मी म्हणालो, मुंबई. पितळेचे जेवढे भाग होते ते गोठ्यातल्या मुताने हिरवेगार झाले होते. ते वहिनीने ताब्यात घेतले. चिंच आणि राख लावून तिने ते देवाच्या भांड्यांसारखे घासले आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकांतून केरसुणीची काडी घालून ती एकेक मोकळी केली. ते काम मी केलं असतं तर एखादं भोक नक्की मोठं झालं असतं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो ओल धरून बसला होता. त्याला ऊब हवी होती, म्हणून तो आठवडाभर चुलीवरच्या फळीवर सुकटीच्या शेजारी ठेवला. तो बरा झाला, पण त्यानंतर ते इंजिन गरम झालं की त्याला जन्मभर सुकटीचा वास यायचा.

मधे एकदा मुंबईला जाऊन प्लग आणि पिस्टनच्या कड्या घेऊन आलो. मुरबाडच्या बाजारातून इंजिनाने हलर फिरवायच्या पट्ट्यासाठी चामडं आणलं. ते नीट कमावलेलं नव्हतं, म्हणून त्याच्या वासाने पुन्हा दोन दिवस माझं जेवण गेलं. दादा रोज संध्याकाळी येऊन इंजिनाभोवती फेरी मारायचा आणि बैलांकडे जायचा. त्याने तुसाबद्दल एकदाही विचारलं नाही, मीही बोललो नाही.

एक गोष्ट मी मनापासून केली ती सांगतो. इंजिन पहिल्यांदा पाण्याविना दोन-चार आचके देऊन थांबलं, तेव्हा वहिनी दारात उभी होती. समुद्रात पाण्याला तोटा नव्हता, इथे आड होता आणि आडावर दोर. तिने हळूच विचारलं, "याला पानी कोन भरनार?" दादा म्हणाला, भरू की, त्यात काय. ‘भरू की’ म्हणजे कोण भरणार हे मला कळलं. मी कल्याणला जाऊन डांबराची दोन रिकामी पिपं आणली, जाळून साफ केली, एकमेकांना जोडली आणि गरम झालेलं पाणी एका पिपातून दुसऱ्यात जाऊन निवून परत इंजिनात येईल अशी नळी बसवली. एकदा भरलं की चार दिवस बघायला नको. ती पिपं गड्यांनी भरायची, असं मी दादाकडून कबूल करून घेतलं. चार दिवस डांबराच्या धुराने माझा घसा बसला होता. तरी त्या पिपांबद्दल मला जेवढा अभिमान वाटला तेवढा इंजिनाबद्दलही वाटला नाही.

पौष संपायला आठ दिवस असताना इंजिन लागलं. हँडल उलटं फिरून दोनदा माझ्या मनगटावर बसलं, तिसऱ्यांदा पेट्रोल धरलं. मग गरम झाल्यावर रॉकेलवर घेतलं. पहिला धूर काळाकुट्ट. त्यात करंजाचं तेल होतं, उंदीर होते, सुकट होती, खाडी होती. मला एकीकडे मळमळत होतं आणि दुसरीकडे डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने आलं म्हणून मी पुसलं. पट्टा हलरवर चढवला, वहिनीने स्वतः आमचं नवं भात सूपभर आत ओतलं, आणि खालून तांदूळ पडायला लागला. पांढरा स्वच्छ. पहाटेपासून सडून जेवढा निघायचा तेवढा हात धुवायच्या आत निघाला. वहिनीने ओंजळ भरून तो चेहऱ्याजवळ नेला आणि नुसती बघत राहिली. माघ लागायला अजून आठवडा होता.

त्या दिवशी गिरणीच्या तांदळाचा भात झाला. दादा आणि मी जेवायला बसलो, वहिनी वाढत होती. सुकटीचं कालवण होतं. मी पहिला घास घेतला आणि माझ्या जिभेने आपलं काम केलं. विचार करून बोललो असतो तर बोललो नसतो; पण मला किळस लपवता येत नाही, हे मी सुरुवातीलाच कबूल केलं आहे. मी म्हणालो, "शी. ओलं फडकं चावल्यासारखा लागतोय. ना वास, ना गोडी."

बोललो आणि मिठाकडे हात नेला. माझ्या मनात त्याच्या पलीकडे काही नव्हतं. कारखान्यात मी असं दिवसातून दहा वेळा बोलायचो.

दादाने तोवर अर्धा भात खाल्ला होता आणि त्याला काही जाणवलं नव्हतं. माझं ऐकून त्याने घास पुन्हा घोळवून पाहिला. धाकटा भाऊ मुंबईला राहिलेला, सहा आठवडे घाणीत हात घालून इंजिन उभं करून दिलेलं, आणि त्याला घरात गोड घास मिळू नये, हे त्याला लागलं असावं. तो वहिनीकडे न बघता म्हणाला, "गड्यांना गिरनीचा घाल. आमच्या दोघांपुरता घरी सडीत जा. मूठभर तं काम." त्यात रागही नव्हता, हुकूमही नव्हता. प्रेमच होतं, माझ्यावरचं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. नको म्हणायचं, चालेल म्हणायचं, सवय होईल म्हणायचं. तीनपैकी कुठलाही शब्द पुरला असता. पण आपणच टाकलेला घास परत उचलून खायची मला लाज वाटली. जिभेचा माणूस म्हणून माझा जो काही तोरा होता तो मोडला असता. मी ताटात पाणी ओतून उठलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुसळ सुरू झालं. मूठभरच, दादा म्हणाला तसं. पण मूठभर तांदळालाही मुसळ उचलावंच लागतं आणि ते हलकं होत नाही. मी अंथरुणात पडून ऐकत होतो. आज दादाशी बोलू, असं ठरवायचो, आणि उजाडलं की गिरणीवर माणसं आलेली असायची. आजूबाजूच्या गावांतून डोक्यावर भात घेऊन बाया यायच्या, पोती उतरवायच्या आणि पट्टा फिरताना बघत बसायच्या. त्यांच्या हातांना विसावा मिळत होता. मला त्यांचं कौतुक ऐकायला आवडायचं. इंजिन सुरू असलं की घरातला दुसरा आवाज ऐकू येत नसे, आणि ते इंजिन मी सकाळी जितक्या लवकर होईल तितक्या लवकर सुरू करत असे. त्याचं कारण मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. जेवताना वहिनी हातसडीचा भात वाढायची. त्याला वास होता, गोडी होती, रंग होता. मी चवीने जेवायचो.

माघ गेला. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात भर दुपारी शेजारची बाई गिरणीच्या दारात येऊन हात हलवायला लागली. इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं कळेना. मी इंजिन बंद केलं. मग कळलं. दादा शेतावर होता, त्याला बोलवायला गडी धावला. येणार नाही म्हणालेली सुईण आली होती. मुलगा होता, तोही गेला. संध्याकाळी म्हातारी बाहेर आली आणि अंगणातल्या माझ्या त्या पिपांतल्या पाण्याने हात धुवायला लागली. दादा समोर बसला होता, पण ती माझ्याशीच बोलली. "यंत्र तुजं बरं चालतंय," म्हणाली.

पुढचे बारा दिवस वहिनी चुलीकडे येणार नव्हती. शेजारची बाई येऊन दोन वेळचं रांधून जायची. तिला आमच्या घरातले कायदे ठाऊक नव्हते. पडवीत गिरणीच्या तांदळाचं पोतं होतं, त्यातलाच तिने घेतला. पहिल्या दिवशी माझ्या ते पहिल्या घासालाच लक्षात आलं. दादाच्याही आलं असेल. तो तीनदा भात घेऊन जेवला. मीही पोटभर जेवलो. बारा दिवस आम्ही दोघे भाऊ समोरासमोर बसून तो भात खात होतो आणि भाताबद्दल कुणीही चकार शब्द काढला नाही. त्या इंजिनातली घाण मी हातांनी उपसली होती, मेलेला उंदीर बोटांनी सोलला होता. पण खरी शिसारी म्हणजे काय ते मला त्या बारा दिवसांत कळलं, आणि ती यायला कुठल्याही वासाची गरज लागत नाही.

तेराव्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात आली. आणखी वाळली होती, पण पदर नेहमीसारखा खोचलेला. दादा लवकर जेवून शेतावर गेला होता. मी एकटाच पाटावर होतो. चुलीशेजारी दोन पातेली होती. तिने पळी हातात धरली आणि विचारलं, "कुठला घालू, भाऊजी? गिरनीचा का घरचा?"

मी ताटाकडे बघत म्हणालो, "कुठलाही चालेल, वहिनी."

तिचा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. मीठ हवंय का असं विचारावं तशी म्हणाली, "तेवा पन चालला असता."

तिने गिरणीचा वाढला. मी तो सगळा खाल्ला.